चेहऱ्याऐवजी पाऊल

५ जानेवारी

आत्यांना,

ज्यांना आपण कधी पाहिले नाही त्यांना पत्रात काय म्हणून हाक मारावी, या विचारात माझी एक अख्खी दुपार गेली. शेवटी तुमचा भाचा म्हणाला, "अगं, आत्या म्हण की सरळ. माझी आत्या ती तुझी आत्या." म्हणून हे धाडस. मी तुमची भाचेसून. आमच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत, पण तुम्ही पाठवलेला जाडजूड शब्दकोश माझ्या उशाशी असतो. लग्नातल्या बाकीच्या सगळ्या भेटी घराला आल्या होत्या. माझ्यासाठी म्हणून आलेली ती एकच.

बातमी ही की मला दिवस गेले आहेत. काल पहिली सोनोग्राफी झाली. हे फोनवर सांगायला हवे होते, परंतु फोनवर माझा आवाज घशातच ठाण मांडून बसतो. कागदावर मात्र मी बऱ्यापैकी शूर असते.

तपासणीची खोली अंधारी होती, आणि पोटावर लावलेले जेल खोलीहूनही थंड. पडद्यावर करड्या भुरभुरीत एक काळी पोकळी दिसली आणि तिच्या कडेला चिकटलेला घेवड्याच्या दाण्याएवढा एक ठिपका. त्या ठिपक्याच्या मधोमध काहीतरी अविरत लुकलुकत होते. "हे हृदय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवा आठवडा चालू आहे." हृदय धडधडताना ऐकू येते असे मी आजवर वाचत आले; ते दिव्यासारखे दिसते, हे कोणत्याही पुस्तकाने मला सांगितले नव्हते.

घरी चित्र दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "यात काय बघायचं? टीव्हीला मुंग्या आल्यासारखं दिसतंय." मामंजींनी चष्मा वर-खाली करून विचारले, "पाय कुठले यात?" पाय अजून फुटायचे आहेत, असे मी म्हणाले. "फुटले की कळवा. जोड्यांचं दुकान आपलं, आपल्याला पायाशी मतलब!" आणि ते स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसले.

मी आता दुकानात गल्ल्यावर बसते. एक विचारू का? तो गल्ल्याचा ओटा पुढून थेट जमिनीपर्यंत फळीने बंद केलेला आहे. गिऱ्हाइकाला बसणाऱ्याचा फक्त खांद्यांवरचा भाग दिसतो. इतर दुकानांत असा ओटा मी पाहिला नाही. कारण विचारले, तर सगळे म्हणतात, "आत्याच्या वेळचा आहे तो," आणि विषय बदलतात.

तुमची,
भाचेसून

१४ जानेवारी

सूनबाई,

"आत्यांना" काय? मला वाटलं, घरपट्टीची नोटीस आली. नुसतं आत्या म्हण.

बातमी वाचून आनंद झाला. मी आनंद फार करत नाही, त्यामुळे आहे तेवढा सगळा तुझा. माझ्या भाच्याला सांग, तुझी बॅग त्याने उचलायची. तो लहानपणी स्वतःचं दप्तरसुद्धा आईला उचलायला लावायचा.

गल्ल्याच्या फळीचं काय एवढं! सुताराकडे लाकूड उरलं असेल. मी चौदाव्या वर्षापासून लग्नाचं वय उलटेपर्यंत तिथे बसले, आणि मग इकडे येऊन पालिकेत चिकटले. सरकारी नोकरी, पगार वेळेवर, साहेब अवेळी.

बाराव्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफीला बोलावतील. तेव्हा सगळं नीट लिही. डोकं, हात आणि पाय. पाय विसरू नकोस.

आत्या

४ फेब्रुवारी

आत्या,

बाराव्या आठवड्याची तपासणी झाली आणि तुमच्या आज्ञेप्रमाणे सगळे नीट लिहिते आहे.

महिन्याभरापूर्वीच्या दाण्याचे आता माणूस झाले आहे. कपाळ, नाक, हनुवटी असा चेहरा एका बाजूने स्पष्ट दिसला. डॉक्टरीणबाईंना मानेमागच्या पातळ पडद्याखालचे पाणी मोजायचे होते; ते जास्त भरले तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतात म्हणे. पण बाळ पाठ फिरवून बसले. मला खोकायला लावले, कुशीवर वळायला लावले, शेवटी बाहेर फेऱ्या मारायला पाठवले. परत येऊन पाहतो तर तसेच. "कोणावर गेलंय एवढं हट्टी?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. तुमचा भाचा तत्काळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "ही दिसायला गरीब आहे हो, पण पुस्तक हातातून काढून दाखवा." शेवटी बाळानेच दया केली. माप उत्तम आले.

पाय दोन आहेत. एकावर एक टाकून आरामात पहुडले होते. त्याहून अधिक इतक्यात सांगता येत नाही.

काल मी घरातले जुने फोटो पाहत होते. तुम्ही प्रत्येक फोटोत कोणाच्या तरी खुर्चीमागे उभ्या आहात. तुमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाच्या फोटोतही, जिथे बक्षीस तुम्हांला मिळाले आहे, तिथेही. असे का, हे विचारण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही.

भाचेसून

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

फोटोग्राफर भिकार होता.

विसाव्या आठवड्याच्या आसपास मोठी सोनोग्राफी असते. त्यात अवयव एकेक करून बघतात. त्या दिवशी एकटी जाऊ नकोस. का म्हणून विचारू नकोस, नुसतं ऐक.

आत्या

३० मार्च

आत्या,

आता मला सगळे कळले आहे; फळी कशासाठी, खुर्च्या कशासाठी आणि "पाय विसरू नकोस" कशासाठी, तेही.

गेल्या आठवड्यात मोठी तपासणी झाली. पहिला अर्धा भाग एखाद्या सुंदर पाठासारखा चालला. डॉक्टरीणबाई दाखवत होत्या: मेंदूचे दोन अर्धे, हृदयाचे चार कप्पे, मोत्यांच्या सराप्रमाणे पाठीचा कणा, मूत्रपिंडे, पाण्याने भरलेले इवलेसे पोट. मग त्या पायांशी आल्या आणि बोलायच्या थांबल्या. उजव्या पायावरून डाव्यावर, पुन्हा उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. मी चांगली विद्यार्थिनी असल्यामुळे मला एक गोष्ट ओळखता येते: शिक्षक गप्प झाले की आपले उत्तर चुकलेले असते.

मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. नडगीची दोन हाडे लांब दिसतात, त्या चित्रात तळवा यायला नको. तळवा पाहायला डॉक्टरांना यंत्राचा हात फिरवावा लागतो. आमच्या बाळाच्या डाव्या पायाची हाडे आणि तळवा एकाच चित्रात मावले. पाऊल घोट्यातून आत वळलेले आहे. बाकी सारे निर्दोष आहे, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितले. जन्मानंतर दर आठवड्याला प्लास्टर, टाचेमागे एक छोटासा छेद, मग काही वर्षे झोपताना विशेष बूट. आणि मूल चालते, धावते.

घरी आल्यावर सासूबाई मटकन बसल्या. "आत्यावर गेलं," एवढेच म्हणाल्या. तेव्हा मला कळले.

मामंजींना मात्र पटेना. आत्या, तुमचे बंधू जन्माचे दुकानदार. एक जोड बसला नाही की दुसरा काढून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी मला आणखी दोन ठिकाणी सोनोग्राफीला नेले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "जरा मोठ्या मशीनवर बघा." तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं काढून दाखवा." तिन्ही यंत्रांनी तेच पाऊल दाखवले. शेवटचे डॉक्टर कंटाळून म्हणाले, "काका, माल एकच आहे, खोका बदलून काय होणार?"

काल रात्री जेवताना मामंजी म्हणाले, "ज्या घरात लोक पाय घेऊन येतात, त्याच घरात हे पुन्हा नको. ओळखीचे डॉक्टर आहेत. अजून वेळ गेलेली नाही. येत्या सोमवारी जाऊन यायचं." जणू मी बाजारात जाऊन येणार आहे. तुमचा भाचा ताटाकडे पाहत राहिला. मीही बोलले नाही. माझा घसा तुम्हांला ठाऊक आहे.

या घरात याबद्दल ज्यांना खरे ठाऊक आहे अशा तुम्ही एकट्या. त्या पावलावर तुमचे आयुष्य कसे गेले, ते मला लिहा. मला उत्तर सोमवारच्या आत हवे.

भाचेसून

२ एप्रिल

सूनबाई,

विचारलंस म्हणून सांगते. मोकळी हो.

मी मऊ बोलणार नाही. माझा पाय लहानपणी अर्धवट सरळ केला आणि तसाच सोडला. मी पावलाच्या कडेवर चालत मोठी झाले. शाळेत मला "फेंगडी" म्हणायचे. बाईंना माझं खरं नाव आठवायला हजेरी बघावी लागायची. आमच्या दुकानात जोडी फोडत नाहीत. डावा चारचा आणि उजवा पाचचा असा जोड मला कोणी दिला नाही. डाव्यात कापूस कोंबून मी बारा वर्षं काढली. बघायला आलेले लोक चहा संपायच्या आत उठायचे.

गिऱ्हाईक आधी पायाकडे बघतं, मग माणसाकडे. घराचा लौकिक एकदा खाली आला की त्या पोराला त्या घरात जागा उरत नाही. तू वाचतेस पुष्कळ, पण हे पुस्तकात नसतं.

सोमवारी जाऊन ये.

आत्या

८ एप्रिल

आत्या,

सोमवार होऊन गेला. मी गेले नाही.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वेळी रडले, दुसऱ्या वेळी चिडले, आणि तिसऱ्या वेळी, परीक्षेत उतारा वाचावा तसे वाचले. कापसाबद्दलचे वाक्य तुमचे आहे. हजेरीचे तुमचे आहे. परंतु "गिऱ्हाईक आधी पायाकडे बघतं, मग माणसाकडे" हे वाक्य मी दुकानात रोज ऐकते; मामंजी नव्या नोकराला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. "लौकिक" हा शब्दही त्यांचाच. तेव्हा हे पत्र तुम्हांला कोणी लिहायला लावले, हे ओळखायला मला फार हुशारी लागली नाही. तुमच्या बंधूंनी तुम्हांला एकदा फळीमागे बसवले. आता ते तुमच्याकडून तीच फळी माझ्या बाळासाठी करून घेत आहेत, आणि तुम्ही ती करून देत आहात.

मी ती घेणार नाही.

तुम्ही लिहिलेले एकेक दुःख मी पुन्हा तपासले. चिडवले शाळेने. कापूस कोंबायला लावला दुकानाने. पाहुणे उठले ते त्यांच्या पायांनी. यांतले एकही तुमच्या पावलाने केलेले नाही. मग शिक्षा पावलाला का?

आता मी काय केले, ते सांगते. सोमवारी सकाळी मामंजी रिक्षा घेऊन दाराशी आले. आम्ही दोघे वर खोलीत होतो. लोक सोनोग्राफीतले चेहऱ्याचे चित्र नातेवाइकांना पाठवतात, नाक कोणावर गेले म्हणून वाद घालतात. मी फोन घेतला आणि घराण्याच्या ग्रुपवर, जिथे सगळे काका, माम्या, चुलत-मावस आहेत, तिथे पावलाचे चित्र लावले. खाली लिहिले: "आमच्या बाळाचे डावे पाऊल. आत वळलेले आहे. आत्यावर गेले आहे. बाळ ऑगस्टमध्ये येत आहे."

पाठवण्याआधी तुमच्या भाच्याला दाखवले. त्यांनी वाचले आणि म्हणाले, "नुसतं 'आत्यावर' नको. 'माझ्या आत्यावर' लिही. आणि खाली माझंही नाव घाल." मग ते खाली गेले आणि मी जिन्यातून ऐकले: "बाबा, रिक्षा परत पाठवा."

"माझी इज्जत चव्हाट्यावर मांडलीत!" मामंजी ओरडले.

"इज्जत नव्हे, पाय," तुमचा भाचा म्हणाला. ते एवढे हजरजबाबी आहेत हे लग्नाआधी कोणी मला सांगितले नव्हते.

तुम्ही रागावाल, कदाचित पुन्हा लिहिणारही नाही. तरीही मी माफी मागत नाही.

भाचेसून

२७ एप्रिल

पोरी,

रागावले. भयंकर रागावले. म्हणून इतके दिवस लावले.

मला न विचारता माझा पाय पंचवीस घरांत फिरवलास. त्या दिवशी माझा फोन वाजायचा थांबेना. एक चुलत बहीण, जिने जन्मात कधी माझ्या पायाचं नाव काढलं नव्हतं, ती विचारते, "अगं, दुखायचं का गं तुला?" इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, "आत्ता आठवलं होय?" आणि फोन आपटला. मग बसून राहिले. मग तिलाच परत फोन केला. तासभर बोललो.

तुझं एक म्हणणं साफ चुकलं. ते पत्र मला दादानं लिहायला लावलं नाही. त्याचा फोन नाही, निरोप नाही, काही नाही. कोणीही सांगितलं नव्हतं. तेच तर वाईट आहे. तू मला खरं विचारलंस आणि माझ्या हातून आमच्या बाबांचं वाक्य उतरलं. हो, वाक्य मुळात त्यांचं. दादा ते दुकानात बोलतो, आणि मी ते पोटात घेऊन हिंडते. तू ओळखलंस की ते माझं नाही. मला स्वतःला ओळखू आलं नव्हतं.

आता माझं ऐक. पालिकेत नोकरी आहे हे खरं. कुठल्या खात्यात, ते मी घरी कधी सांगितलं नाही. पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर आहे. तिकिटं फाडत नाही, शिकवते. म्हणजे तुझी ही फळीमागची आत्या रोज सकाळी सत्तर-ऐंशी लोकांसमोर ओल्या फरशीवर अनवाणी चालते. मुद्दाम निवडली ही नोकरी. जिथे कोणाच्याच पायात काही नसतं अशी जागा मी शोधत होते. नवी पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, "बाई, तुमचा पाय असा का?" मी सांगते, "वळणावर जोरात फिरायला." अर्धी पोरं मग आपलेही पाय तसे वाकवून बघतात.

आणि हे कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेव. माझं प्लास्टर मध्येच थांबवलं ते पाय बरा झाला म्हणून नव्हे. मी वरच्या मजल्यावर रडायचे आणि खाली गिऱ्हाइकांना ऐकू जायचं, म्हणून. माझा पाय सरळ होत होता, पोरी. होत होता. त्याला पुरा होऊ दिला नाही. तू एकही आठवडा चुकवायचा नाहीस. रडलं तर रडू दे, भर बाजारात रडू दे.

आणि त्या फळीमागे बसणं बंद कर. ती आहे तोवर मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

आत्या

२२ जून

आत्या,

फळी काढली.

तुमचे पत्र मी तुमच्या भाच्याला वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन ओट्यासमोर मांडी घालून बसले. स्क्रू इतके गंजले होते की निम्मे तोडावे लागले. मामंजी आले, पाहिले आणि परत घरी गेले. आठवडाभर दुकानात फिरकले नाहीत. पुढे राहवेना तेव्हा आले आणि नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी गल्ल्यावर बसले.

आणि मग, आत्या, सबंध बाजाराला एक गोष्ट कळली. तुमचे बंधू गल्ल्यावर अनवाणी बसतात. दोन्ही तळव्यांना कुरुपे आहेत. स्वतःच्या दुकानातला एकही जोड त्यांना सोसवत नाही. एवढी वर्षे फळीमागे ते जोडे काढून बसत आले. एक म्हाताऱ्या गिऱ्हाईकबाई वाकून पाहत म्हणाल्या, "अहो शेठ, आधी तुमच्या पायाचं बघा, मग माझ्या पायात घाला." मामंजींनी पाय झटकन मागे ओढले. मी हिशेबाच्या वहीत तोंड खुपसले. मला हसू आवरत नव्हते, आणि त्याच वेळी, खरे सांगते, त्यांची दयाही आली. त्या फळीमागे एकट्या तुम्हीच नव्हतात.

अजून ते माझ्याशी बोलत नाहीत. मीही मनधरणी करीत नाही. दोघेही शेजारी बसून पैसे मोजतो.

बत्तिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. या वेळी सासूबाई आपण होऊन आल्या. वजन व्यवस्थित वाढते आहे, भोवतालचे पाणी पुरेसे आहे, नाळेतला रक्तप्रवाह चांगला आहे. तो यंत्रातून ऐकू येतो, वाऱ्यासारखा. बाळ आता एवढे मोठे झाले आहे की पडद्यावर ते एकदम मावत नाही. तुकड्या-तुकड्यांनी पाहावे लागते. डाव्या पावलाशी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, दाखवू की नको अशा अर्थाने. मी म्हणाले, "दाखवा." सासूबाईंनी डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, "तसं वळून त्याला दुखत असेल का हो?"

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग कोणाला दुखतंय एवढं?" सासूबाई म्हणाल्या. त्या हे कोणाला विचारत होत्या, ठाऊक नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितले, की सून म्हणून आल्या तेव्हा त्यांना बजावले होते, नणंदेबरोबर रस्त्याने चालायचे नाही, लोक दोघींकडे पाहतात. "मी नवी होते, ऐकलं," एवढे बोलून त्या पुढे चालू लागल्या.

फळी नाही. आता या.

भाचेसून

१ जुलै

सूनबाई,

दादा अनवाणी! वाचून तलावाच्या काठावर एकटी इतकी हसले की जीवरक्षक शिट्टी घेऊन धावत आला.

सप्टेंबरची सुट्टी टाकली आहे. साहेब म्हणाले, कारण लिहा. मी लिहिलं, "माझ्यावर गेलेलं माणूस बघायला." मंजूर झाली.

वहिनीला सांग, मी आले की आम्ही दोघी स्टेशनपासून घरापर्यंत चालत येणार. रिक्षा नको.

आत्या

३१ ऑगस्ट

आत्या,

तुम्ही निघण्याआधी हे पत्र पोहोचावे अशी आशा आहे. बाळ सुखरूप आहे, हे तुम्हांला फोनवर कळलेच. तो फोन मी स्वतः केला होता, याची कृपया नोंद घ्यावी. काल पहिले प्लास्टर झाले. त्याबद्दल मात्र लिहायलाच हवे.

हाडांच्या डॉक्टरांचे हात एवढे मोठे आहेत की बाळाचे पाऊल त्यांच्या अंगठ्याखाली दिसेनासे होते. त्यांनी ते ओढले नाही, पिळले नाही. नुसते हळूहळू, जणू समजूत घालावी तसे, बाहेरच्या बाजूला वळवत राहिले आणि जेवढे वळले तेवढ्यावर थांबून, बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा दुमडून प्लास्टर घातले. "पुढच्या आठवड्यात आणखी थोडं," म्हणाले. बाळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडले. खिडकी उघडी होती आणि खाली रस्ता होता. एक नर्स खिडकी लावायला उठली. मी म्हणाले, "राहू द्या." रस्त्याने ऐकावे. रस्त्याचे काहीही बिघडले नाही.

मामंजी आले होते. बाहेर बाकावर बसून होते. आपल्या घराचा लौकिक वर गेला की खाली, हे त्यांना अजून ठरवता आलेले नाही. ठरवतील सावकाश, मी त्यासाठी थांबलेली नाही.

बाहेर आले तेव्हा कॉरिडॉरमध्ये रांग होती. प्लास्टर ओले होते, म्हणून मी त्यावर काहीच पांघरले नाही. बाळाला हातांवर घेतले होते, पाय उघडाच. रांगेतल्या एक बाई पुढे झाल्या, हात लांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "अरेरे! बिचारं गं!"

आत्या, आजवर मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर केलेला नाही. पण माझ्या तोंडून जे निघाले ते जिन्याशी उभ्या असलेल्या शिपायानेही वळून ऐकले.

"बिचारं नाही, ओलं आहे. हात लावू नका."

बाईंनी झटकन हात मागे घेतला. सगळी रांग आमच्याकडे पाहत होती. मी पाय झाकला नाही. थोड्या वेळाने त्यांनीच हळू आवाजात विचारले, "कधी सुकेल?"

"संध्याकाळपर्यंत," मी म्हणाले. "मग या हात लावायला."

भाचेसून